स्पिनर

स्पिनर : मोबाइल अ‍ॅपच्या सुरक्षित जोडणीतील एक विशिष्ट दोष शोधणारे चाचणी-साधन. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाचे संशोधक क्रिस मॅकमहॉन स्टोन, टॉम चोथिया व फ्लाव्हिओ गार्सिया यांनी ते विकसित केले आणि त्यावरील शोधनिबंध डिसेंबर 2017 मध्ये मांडला.

पार्श्वभूमी : बँकेचे अ‍ॅप व सर्व्हर यांच्यातील मजकूर टीएलएस पद्धतीने कूटबद्ध होतो. पण पलीकडचा सर्व्हर बँकेचाच आहे याची खात्री नसेल, तर कुलूपबंद मजकूर किल्लीसह चोराच्या हाती पडतो. ही खात्री डिजिटल प्रमाणपत्रावरून होते. ते विश्वासार्ह संस्थेने दिले आहे का आणि त्यावरील नाव बँकेच्याच सर्व्हरचे आहे का, या दोन्ही गोष्टी अ‍ॅपने तपासायच्या असतात. अधिक सुरक्षेसाठी काही अ‍ॅप ठरावीक संस्थेचीच प्रमाणपत्रे स्वीकारतात. याला ‘पिनिंग’ म्हणतात.

दोष : काही अ‍ॅप पिनिंग करीत, पण नाव तपासत नसत. त्यामुळे त्याच संस्थेकडून स्वतःच्या संकेतस्थळासाठी रीतसर प्रमाणपत्र मिळवलेला हल्लेखोर, ग्राहकाच्या वायफाय नेटवर्कवर असल्यास, बँकेचे सोंग घेऊन त्याचा पासवर्ड मिळवू शकत असे. नेहमीच्या चाचणीत परक्या संस्थेचे प्रमाणपत्र दिले जाई. पिनिंगमुळे ते नाकारले जाई आणि अ‍ॅप निर्दोष ठरे. संरक्षणासाठी लावलेली कडीच दोष झाकत होती.

कार्यपद्धती : त्याच संस्थेची प्रमाणपत्रे वापरणारी इतर संकेतस्थळे स्पिनर ‘सेन्सिस’ या शोधयंत्रातून हुडकतो व अ‍ॅपची जोडणी तिकडे वळवतो. अ‍ॅपने ती न तोडता पुढे चालू ठेवली, तर दोष सिद्ध होतो. चाचणीसाठी प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागत नाहीत.

निष्पत्ती : अँड्रॉइड व आयफोनवरील 400 अ‍ॅप तपासण्यात आली. एचएसबीसीसारख्या मोठ्या बँकेचे आणि टनेलबेअर या व्हीपीएन सेवेचे अ‍ॅपही सदोष आढळले. बँका व ब्रिटनचे राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र यांच्या सहकार्याने दोष दूर झाल्यावरच निष्कर्ष जाहीर झाले. 2013 मध्ये मात्र मोटारींच्या ‘मेगॅमॉस क्रिप्टो’ प्रणालीतील त्रुटींवरील गार्सिया व सहकाऱ्यांच्या निबंधाला फोक्सवॅगनच्या मागणीवरून इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने मनाई केली होती. एक वाक्य वगळून तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दोष दडवल्याने कुलूप पक्के होत नाही, ते दुरुस्तीनेच होते. ती दुरुस्ती ग्राहकापर्यंत नव्या आवृत्तीतूनच पोहोचते, म्हणून बँकेचे अ‍ॅप वेळच्या वेळी अद्ययावत करणे आवश्यक आहे.