पडणारा आणि पाडणारा

गोंदियाहून वडशावरून चांदा फोर्टास जाणारा लोहमार्ग बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला, तो एकेरी. अशा मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेने टोकनाची युक्ती योजिली होती. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेने परस्परांस बांधलेली असत. एकातून धातूचा गोळा निघाला की तो पुन्हा यंत्रात जाईतो दुसरा निघत नसे, आणि गोळा हाती आल्यावाचून चालक गाडी हलवीत नसे.

संगणकास हीच अडचण पुढे आली. सी भाषेतील प्रोग्रॅमात अनेक थ्रेड एकाच स्मृतीवर एकाच वेळी काम करतात. एकाने स्मृतीचा तुकडा परत केला आणि त्याच क्षणी दुसरा त्यावर लिहू लागला, तर प्रोग्रॅम कोसळतो. किंवा, त्याहून वाईट, कोसळत नाही आणि खोटे उत्तर देत राहतो. डच पंडित एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1965 साली अनेकांपैकी एकासच आत सोडण्याची रीत सिद्ध केली. त्यांनी रूढ केलेल्या साधनाचे नावही ‘सेमाफोर’, म्हणजे रेल्वेचा बाहुधारी सिग्नल!

परंतु चालक टोकन विसरत नाही, प्रोग्रॅमर कुलूप विसरतो. मग दोष कोणत्याही एका ओळीत नसतो. तो दोन ओळींच्या कालक्रमात असतो. पाहण्यासाठी एखादी छपाईची ओळ घालावी, तर कालक्रम बदलतो आणि दोष लपतो. लिनक्सवर ही आपत्ती अधिकच कठीण होती. झाविए लरुआ यांची 1996 ची लिनक्सथ्रेड्स ही व्यवस्था प्रत्येक थ्रेडास स्वतंत्र प्रक्रिया मानी. त्यामुळे कोसळल्यावर उरणाऱ्या कोअर फाइलीत पडलेल्या थ्रेडाचीच साक्ष मिळे. पाडणारा निराळाच असे, आणि त्याचा मागमूसही नसे. डिसेंबर 2003 मध्ये लिनक्स 2.6 आले, ड्रेपर व मोलनार यांची नवी थ्रेड-व्यवस्था रूढ झाली, आणि कोअर फाइलीत सर्व थ्रेडांची स्थिती उतरू लागली. एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत खोळंबलेले दोघे तेव्हापासून जीडीबीत एकत्र दिसतात. मला ही सुधारणा वेगाच्या सर्व बढायांहून मोठी वाटते.

तरीही शर्यतीतला अपराधी पुष्कळदा आधीच पुढे गेलेला असतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 साली मांडलेला ‘आधी घडले’ हा संबंध येथे कामी आला. त्यावर आधारलेले, गूगलमधील अभियंत्यांनी 2009 साली मांडलेले थ्रेडसॅनिटायझर दोन थ्रेडांचे स्मृतीवरील व्यवहार ताडून दोघांचीही नावे सांगते. प्रोग्रॅम मात्र कित्येक पट मंदावतो.

हा विषय केवळ पंडितांचा नव्हे, हे औष्णिक केंद्राच्या धुराखाली राहणाऱ्या चंद्रपूरकरांस सहज पटेल. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. तारा झाडांना लागल्या हे एक कारण. पण ओहायोतील नियंत्रणकक्षात इशारे देणारी युनिक्सवरील यंत्रणा आधीच मुकी झाली होती, आणि ती मुकी झाल्याचे कक्षातील माणसांस तासाहून अधिक काळ कळले नाही. दोन कामे एकाच माहितीवर एकाच वेळी लिहू लागली होती. तत्पूर्वी त्या प्रणालीने एकूण 30 लाखांहून अधिक तास बिनबोभाट काम केले होते. दोषाची फट काही मिलिसेकंदांची. शोधकांनी प्रोग्रॅमात मुद्दाम विलंब घातले, फट रुंदावली, आणि कित्येक आठवड्यांनी तो दोष त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडला.