540 चं गणित: ट्रॅक्टरचा थ्रॉटल कुठे ठेवायचा?

आज कुठला राजा नाही, किल्ला नाही. आज एका आकड्याचा इतिहास: 540.

मी डोंबिवलीत राहतो, दिवसभर कोड लिहितो. पण आमची भाताची खाचरं मुरबाडकडे आहेत. दोन वर्षांपूर्वी जुलैत काकांची कंबर धरली. राबातली रोपं उपटून झाली होती, आवणीला माणसं आली होती आणि चिखलणी बाकी. भाड्याचा छोटा ट्रॅक्टर आला, चालवायला मी!

माझं लॉजिक सोपं होतं. आरपीएम कमी, तर डिझेल कमी. थ्रॉटल खाली ठेवला आणि रोटाव्हेटर सोडला. इंजिन घुसमटायला लागलं, काळा धूर आला, दोनदा बंद पडलं. ढेकळं तशीच. काका बांधावरून ओरडले, "अरे, काट्याकडे बघ ना! ती खूण कशाला केलीय?"

मीटरवर खरंच एक खूण होती. बाजूला लिहिलेलं, 540.

तर मंडळी, ही खूण आली कुठून? ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, पीटीओ. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणीचा पंप त्याच्यावर चालतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने असा दांडा असलेले ट्रॅक्टर बाजारात आणले. मग इतर कंपन्याही आल्या, पण प्रत्येकाचा वेग वेगळा, माप वेगळं. चार्जरच्या पिना आठवा! एकाचं अवजार दुसऱ्याला लागेना. 1920च्या दशकात तिथल्या कृषी अभियंत्यांच्या संघटनेने मानक ठरवलं. वेग मिनिटाला 536च्या आसपास, तोच पुढे 540 झाला. थोडक्यात, शेतीचं टाइप-सी.

आणि गंमत बघा, तीच इंटरनॅशनल हार्वेस्टर 1963 मध्ये महिंद्रासोबत आपल्याकडे आली. बी-275 ट्रॅक्टर बनायला लागला कांदिवलीत, म्हणजे ठाण्याच्या येऊरच्या डोंगरापलीकडे! पण तो 35 एचपीचा. आमच्यासारख्या चिंचोळ्या खाचरांना परवडेल, वळेल असा ट्रॅक्टर यायला बराच काळ गेला. महिंद्राचा युवराज 215 घ्या: एकच सिलिंडर, 15 एचपी, रेटेड वेग 2300.

इथेच माझी चूक होती. पीटीओ इंजिनला ठराविक गिअरने बांधलेला असतो. इंजिन हळू, तर रोटाव्हेटरही हळू. शिवाय डिझेल इंजिनमध्ये गव्हर्नर असतो. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला, कल्पना तीच. लोड आला, वेग पडला, की तो इंधन वाढवतो. आपल्या भाषेत फीडबॅक लूप. तुम्ही हाताने डिझेल देत नाही, फक्त वेग सांगता. पण खालच्या वेगाला इंजिनाकडे ताकदच कमी. गव्हर्नर डिझेल ओतत राहतो, ते नीट जळत नाही, आणि काळा धूर येतो. म्हणजे मी डिझेल वाचवतच नव्हतो, धुरात घालवत होतो.

मग नेहमी खुणेवरच ठेवायचं का? नाही.

पीटीओवरचं जड काम, म्हणजे चिखलणी किंवा मळणी: काटा 540च्या खुणेवर. पुढे जायचा वेग कमी करायचा तर गिअर खाली, थ्रॉटल नाही.

रिकामी ट्रॉली किंवा हलकी फळी ओढायची: गिअर वर, थ्रॉटल खाली. डिझेल वाचतं ते इथे. म्हणूनच काही ट्रॅक्टरवर 540-ई असतं. हलक्या अवजाराला दांडा 540नेच फिरतो, पण इंजिन कमी वेगावर.

ओळखायचं कसं? काम चालू असताना थ्रॉटल जरा वाढवा. इंजिनाचा वेग लगेच वाढला तर ठीक. वाढलाच नाही तर लोड जास्त आहे, खालचा गिअर टाका.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. लुंगीचं किंवा ओढणीचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. दांड्यावरचं कव्हर काढून काम करू नका, आणि अवजारात काही अडकलं तर आधी इंजिन बंद.

त्या दिवशी काटा खुणेवर आणल्यावर आवाज बदलला. घरघर गेली, एकसारखा सूर लागला. पण आधीचं खाचर पुन्हा करावं लागलं. तासाचं भाडं वाढलं आणि शेवटच्या खाचरातली आवणी दुसऱ्या दिवसावर गेली. रोपं रात्रभर पाण्यात ठेवली. माणसांची दुसऱ्या दिवसाची मजुरी मी दिली, काकांना न सांगता. आता त्यांना कळेल, कारण तेही हा पॉडकास्ट ऐकतात.

काका, सॉरी. पुढच्या भागात भेटू!