बुऱ्हाणपूरचा लंगर आणि गोमंतकाचा बांध

तापीतीरीच्या बुऱ्हाणपुराचे नाव निघताच मुमताजमहलच्या मृत्यूचे स्मरण होते. त्याच वेळच्या दुष्काळाचे स्मरण आम्ही क्वचितच करतो. इ. स. १६३० मध्ये पर्जन्याने दगा दिला आणि गुजरात व दख्खन अन्नास महाग झाले. देहूच्या तुकोबांचा संसार याच दुष्काळात उद्ध्वस्त झाला, असे परंपरा सांगते.

शहाजहानचा तळ तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. त्याने तेथे व अहमदाबाद, सुरत येथे लंगर उघडविले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये, याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लक्ष रुपये वाटल्याचे अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशहानाम्यात नमूद आहे. दान थोर खरे. परंतु लंगरची चूल पेटली ती शिवार करपल्यानंतर.

गोमंतकातील गावकरीची रीत निराळी होती. जमीन गावाची सामाईक. ती लिलावाने कसावयास दिली जाई. उत्पन्नातून बांध, देवालय व गावसेवक यांचा खर्च भागे आणि उरलेले गावकऱ्यांत वाटले जाई. १५२६ च्या पोर्तुगीज सनदेत या वहिवाटीची नोंद झाली. वाटा गावकरी घराण्यांतील पुरुषांपुरताच असे, हे तिचे न्यूनही सांगितले पाहिजे. तथापि खारे पाणी अडविणारा बांध फुटला तर साऱ्यांचेच भात बुडे. म्हणून त्याची राखणही सामाईक असे.

आज देवस्थानांत महाप्रसादाच्या पंगती बसतात, आणि जवळची खाजणे मात्र कित्येक ठिकाणी पडीक आहेत. पंगतीस वर्गणी देणाऱ्या आम्ही बांधासही हात लावावयास हवा. अन्नदानाचा आरंभ तेथूनच होतो.