तळटीप : शिरूरच्या पलटणीची काडतुसे

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनबरोबर शिरूरहून निघालेल्या पायदळाकडे ठासणीच्या बंदुका होत्या. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. आत गोळी आणि दारू. शिपाई तिचे टोक दाताने फाडी, चिमूटभर दारू रंजक म्हणून काढी, उरलेली नळीत ओतून वर गोळी गजाने ठाशी. आखूड पिस्तुलाला हे काडतूस निरुपयोगी. बंदुकीची नळी ३९ इंच, तोंड पाऊण इंच. घोडदळी पिस्तुलाची नळी जेमतेम ९ इंच, तोंडही अरुंद. गोळी मावत नसे, आणि इतकी दारू एवढ्याशा नळीत पुरती जळतही नसे. दुसऱ्या दिवशी कोरेगावला दिवसभर चाललेली लढाई वाचताना ध्यानात ठेवावे, की तहानेने कोरड्या पडलेल्या तोंडात प्रत्येक बाराला सोऱ्याची खारट दारू जात होती.