मोजून काढावे, मोजून ठेवावे

आपल्या देवळांत एक जुना दंडक आहे. उत्सवाच्या दिवशी देवीचे अलंकार पेटीतून काढताना ते दोघांच्या देखत मोजतात, वहीत उतरवतात, आणि रात्री पूजा आटोपल्यावर पुन्हा दोघांच्या देखत मोजून पेटीत ठेवतात. यात पुजाऱ्याविषयी संशय नसतो. थकलेल्या डोळ्यांना आणि गर्दीत गुंतलेल्या मनाला चूक होऊ शकते, एवढीच त्यामागील समजूत असते. आमच्या वडगावच्या विणकरालाही ही समजूत नवी नाही. ताण्यातला एक धागा चुकला तर लुगड्याच्या अंगावर शेवटपर्यंत रेघ राहते. म्हणून माग चालू करण्यापूर्वी तो धागे मोजतो आणि मोजलेले पुन्हा मोजतो.

जिथे पेटी ही माणसाचे पोट असते आणि अलंकाराच्या जागी कापडाच्या घड्या असतात, तिथे या मोजणीचा इतिहास काय आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय वैद्यकाचा खरा. परंतु कायद्याच्या कागदांतून तो ज्या रूपाने समोर येतो ते रूप प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे.

पोटाची शस्त्रक्रिया चालू असता रक्त टिपण्यासाठी आणि आतडी बाजूला धरण्यासाठी जाळीदार सुती कापडाच्या घड्या आत ठेवाव्या लागतात. लहान घडीला गॉज किंवा स्पंज म्हणतात, टॉवेलासारख्या मोठीला मॉप. कोरडी असताना ही घडी पांढरीशुभ्र दिसते. रक्ताने भिजली की ती भोवतालच्या मांसाच्याच रंगाची होते आणि आतड्यांच्या वळणांत दडून बसते. ती आत राहिली तर कधी काही दिवसांत पू होतो, कधी शरीर तिच्याभोवती वेष्टण घालते आणि वर्षानुवर्षांनी ती गाठ म्हणून आढळते. अशा प्रसंगाची वैद्यकीय वाङ्मयातील पहिली नोंद १८८४ सालची मानली जाते. पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रिया त्या काळी नुकत्या रूढ होत होत्या. म्हणजे विद्या आणि तिची ही चूक बरोबरच वाढली.

आता आपल्या प्रांतातील एक प्रकरण पाहू. १० जुलै १९६३ रोजी औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी इस्पितळात एक स्त्री प्रसूत झाली व तिला मुलगा झाला. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेण्याचे तिने आधीच ठरविले होते. ती १३ जुलै रोजी झाली. त्यानंतर ताप चढला, पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. १९ जुलै रोजी जखम पुन्हा उघडली तेव्हा आत एक मॉप राहिलेला सापडला. पू झालेला होता. २४ जुलै रोजी ती बाळंतीण वारली. चौदा दिवसांचे मूल आईवेगळे झाले.

पतीने आणि मुलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरविला. इस्पितळ चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने तेथील चुकीबद्दल राज्याला जबाबदार धरता येत नाही, अशी भूमिका त्या निकालात होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये न्या. कुलदीप सिंग आणि न्या. बी. एन. किरपाल यांनी निकाल दिला. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो आज वकिलांच्या नित्य वापरात आहे. इस्पितळ चालविणे हे लोककल्याणाचे काम आहे, खाजगी माणसेही ते करतात, म्हणून त्याला सार्वभौमत्वाचे कवच मिळू शकत नाही; आणि इस्पितळातील निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला हे एकदा सिद्ध झाले की भरपाईची जबाबदारी राज्यावर येते, असा त्याचा आशय. ३६,००० रुपयांचा हुकूमनामा पुन्हा उभा राहिला. तेव्हा त्या प्रसूतीला बत्तीस वर्षे लोटली होती.

या निकालात एका जुन्या लॅटिन तत्त्वाचा आधार घेतलेला आहे: रेस इप्सा लोक्विटर, म्हणजे घटना स्वतःच बोलते. एरवी निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे वादीवर असते. परंतु भूल दिलेल्या रुग्णाने साक्ष ती कशाची द्यावी? पोटात सापडलेले कापडच येथे साक्षीदार होते. हा विचार सहजासहजी मान्य झालेला नाही. इंग्लंडमध्ये १९३७ साली झालेल्या एका शस्त्रक्रियेत असेच कापड आत राहून रुग्ण दगावला. ‘माहॉन विरुद्ध ऑझबॉर्न’ या नावाने तो खटला १९३९ मध्ये अपील न्यायालयात आला, तेव्हा तीन न्यायाधीशांत एकमत झाले नाही. परिचारिकेने मोजणी बरोबर असल्याचे सांगितल्यावर शल्यविशारदाची जबाबदारी संपते काय, हा तेथील मुख्य प्रश्न होता. न्यायमूर्ती गॉडर्ड यांनी भिन्नमत नोंदवून म्हटले की अशा प्रसंगी घटनाच बोलते, आणि ज्याने कापड आत घातले त्याने ते बाहेर काढण्याची काळजी दुसऱ्यावर टाकून मोकळे होऊ नये.

येथवर कायद्याने प्रश्न विचारला तो ‘दोष कोणाचा?’ एवढाच. ‘चूक होते कशी?’ हा प्रश्न त्याने विचारला नाही. तो विचारणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकाला जवळचे वाटेल. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे आत्माराम गावंडे वैद्यक शिकून अमेरिकेत गेले व ओहायो राज्यात स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे बॉस्टनला शल्यविशारद झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधील विमा कंपनीकडे १९८५ ते २००१ या काळात आलेल्या दाव्यांचे कागद तपासले आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे कागद वकिलांनी भांडणासाठी तयार केले होते, त्यांतून वैद्यकाने शहाणपण काढले. ५४ रुग्णांच्या शरीरांत ६१ वस्तू राहिल्या होत्या. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कापडाच्या घड्या होत्या. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका जवळजवळ नऊपट आढळला, आणि शस्त्रक्रियेचा बेत ऐन वेळी बदलावा लागला तर चौपट.

परंतु सर्वांत विचारात टाकणारा आकडा निराळाच आहे. ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती त्यांतील ८८ टक्क्यांत शेवटची मोजणी ‘बरोबर’ म्हणून नोंदलेली होती. म्हणजे बहुतेक ठिकाणी कोणी मोजणी टाळली नव्हती. माणसांनी मोजले, प्रामाणिकपणे मोजले आणि तरीही चुकले. भिजून चिकटलेल्या दोन घड्या एक वाटतात. एकच घडी दोनदा मोजली जाते. मोजता मोजता कोणी हाक मारतो आणि आकडा निसटतो.

या दोषावर यंत्राचा उपाय पुढे आला. विसाव्या शतकातच कापडात क्ष-किरणांना दिसणारा धागा विणण्याची पद्धत रूढ झाली होती. पण चित्र काढावे असा संशय आधी यावा लागे. नव्या पद्धतीत प्रत्येक घडीला स्वतःची सांकेतिक खूण असते. दुकानातल्या मालाप्रमाणे ती आत जाताना व बाहेर येताना वाचकयंत्रापुढे धरतात. प्रत्येकीची ओळख वेगळी असल्याने एकच घडी दोनदा मोजली जाऊ शकत नाही. दुसऱ्या पद्धतीत घडीत रेडिओलहरींना उत्तर देणारी बारीक चकती शिवलेली असते; रुग्णाच्या अंगावरून कांडीसारखे यंत्र फिरविले की आत राहिलेली घडी आपण होऊन सापडते.

पहिल्या पद्धतीची परीक्षा बॉस्टनमध्ये ३०० शस्त्रक्रियांवर घेण्यात आली. २००८ साली तिचे फळ प्रसिद्ध झाले. हातमोजणीत १३ वेळा विसंगती उघडकीस आली, तर यंत्रमोजणीत ३२ वेळा. मात्र मोजणीला लागणारा वेळही सुमारे अडीच मिनिटांवरून पाच मिनिटांच्या वर गेला. अमेरिकेतील रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकने २००९ पासून हीच पद्धत अंगीकारली. तत्पूर्वी तेथे सरासरी दर ६४ दिवसांनी एक घडी कोणाच्या तरी शरीरात राहत असे. नंतरच्या अठरा महिन्यांत अठरा लाखांहून अधिक घड्या वापरल्या गेल्या आणि एकही आत राहिली नाही.

मग यंत्र आले की जबाबदारी संपली काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. यंत्र मोजते, पण मोजायला लावणारा माणूसच असतो. शिवाय आपल्याकडील लहानसहान इस्पितळांना ही यंत्रे परवडतीलच असे नाही. तिथेही एक उपाय हाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये डॉ. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची सूची तयार केली. तिच्यात रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी घड्या, सुया व हत्यारे पुरी मोजली गेल्याचे परिचारिकेने सर्वांच्या समक्ष मोठ्याने सांगावयाचे असते. दिल्लीसह जगातील आठ शहरांत या सूचीची परीक्षा झाली. तीतील मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. या सूचीला कागद लागतो, आवाज लागतो, आणि वरिष्ठाला थांबवून ‘एक घडी कमी आहे’ असे म्हणण्याची मुभा लागते. तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे, कारण ती विकत मिळत नाही.

कायदा चूक झाल्यानंतर येतो आणि फार उशिरा येतो. बत्तीस वर्षांनी मिळालेल्या ३६,००० रुपयांत त्या घरची आई परत आली नाही. मोजणी चुकीच्या आधी येते, हेच तिचे मोल. देवीचे अलंकार मोजणाऱ्या दोघांना आपण कधी संशयी म्हणत नाही, उलट त्यांच्यामुळे पुजारी निश्चिंत असतो. आपल्या घरचे माणूस शस्त्रक्रियेसाठी नेताना ‘शेवटी मोजणी कशी करता?’ असे नम्रपणे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. देवळातील दंडकच आपण तेथे पाळीत असतो: मोजून काढावे, मोजून ठेवावे, आणि दोघांच्या देखत.