मार खाऊन झालेला वैद्य

डोळे मिटा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून गार वारा येतोय. मालदांडी ज्वारीची कणसं भरली आहेत. डोळे उघडाल तेव्हा साल 1890च्या आसपासचं असेल आणि गाव सांगली संस्थानात असेल. त्याच सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवलं होतं. धरून चला, आज एक फिरती मंडळी इथे उतरली आहे आणि हरि नारायण आपट्यांचा ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हा फार्स लावते आहे. घोंगडी अंथरा, पुढे बसा.

पलित्यांच्या उजेडात लाकूडतोड्या बायकोला बडवतो. ती मनात डूख धरते. वैद्य शोधत दोन नोकर येतात. ती त्यांना सांगते, हा मोठा धन्वंतरी आहे, पण रट्टे दिल्याशिवाय कबूल होत नाही. नोकर काठ्या उचलतात. चार तडाखे बसतात आणि लाकूडतोड्या वैद्य होतो. तुमच्या शेजारचे आजोबा हसून हसून उपरण्यानं डोळे पुसतात.

त्या हशाबरोबर आणखी मागे चला. 6 ऑगस्ट 1666, पॅरिस, पॅले-रॉयल नाट्यगृह. या फार्सचा मूळ खेळ इथला, फ्रेंच नाटककार मोलिएरचा. लाकूडतोड्याचं काम तो स्वतःच करतोय. ज्या मुलीसाठी नोकर वैद्य शोधत होते, तिची वाचा गेली आहे. तिच्या बापाला तो विचारतो, लॅटिन येतं का? बाप नाही म्हणतो, की हा तोंडाला येईल ते लॅटिन बरळू लागतो. हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे असल्याचं ठोकून देतो. बाप भीतभीत शंका काढतो. उत्तर मिळतं, पूर्वी तसं नव्हतं, आम्ही ते बदललं! औषध काय, तर दारूत भिजवलेला पाव. पोपट तेच खाऊन बोलतात म्हणे. मुलगी मुळात मुकी नाहीच. नको असलेलं लग्न टळावं म्हणून ती गप्प आहे.

आता त्या बापाकडे नीट बघा. त्याला शंका आली होती. ती त्यानं गिळली, कारण लेक आजारी होती आणि समोरचा ठासून बोलत होता. भोंदू वैद्याचं सगळं भांडवल म्हणजे ही गिळलेली शंका.

परत या. आजचं मंगळवेढं, ज्वारीची काढणी, आणि कुणाच्या तरी पायाला साप डसलाय. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण ‘हे तुम्ही कुठे शिकलात?’ एवढं विचारायला घरातलंच कुणीतरी उठावं लागतं. ते तुम्ही व्हा. सर्पदंशावरचं प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं. आधी तिथे न्या.