चेक थांबतो, चित्र पुढे जाते

‘वटणे’, ‘वटाव’ हे शब्द मराठीत चेकच्या आधीपासून आहेत. ते हुंडीच्या काळातले. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या पेढीवर हुंडी लिहायची आणि ती तेथे दाखवून पैसे घ्यायचे, अशी ती पद्धत होती. पैसे चुकते झाले की हुंडी पैसे देणाऱ्या पेढीकडे राही. अशा वटलेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत. मूळ हुंडी हरवली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत लिहून मिळे आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. म्हणजेच हुंडीचा कागद दोन कामे करी. तो पैसे देण्याचा हुकूम होता आणि पैसे दिल्याचा पुरावाही होता.

चेकच्या कागदानेही पुढे हीच दोन कामे केली. संगणक आल्यावर मात्र ही कामे एकमेकांपासून वेगळी झाली. ती कशी, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, पातूरच्या एका शेतकऱ्याने माल विकला आणि त्याला मुंबईच्या बँकेवरचा चेक मिळाला. पूर्वी तो पातूरच्या बँकेत भरला की कागद टपालाने मुंबईला जाई. तेथील कारकून चेकवरची सही खातेदाराच्या नमुना सहीशी ताडून पाही, खाडाखोड आहे का ते उजेडात धरून बघे आणि मगच रक्कम देई. या प्रवासात दिवसच्या दिवस जात. अखेर २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने बाहेरगावच्या चेकसाठी, ठिकाणानुसार ७, १० आणि १४ दिवसांची मुदत घालून दिली. उशीर झाल्यास ग्राहकाला व्याज देणे बँकांवर आले.

यंत्रांचा प्रवेश त्याआधीच झाला होता. रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. त्यानंतर १९८६ पासून मुंबईत चेक यंत्राने निवडले जाऊ लागले. चेकच्या तळाशी चौकोनी वळणाचे जे आकडे दिसतात, ते त्यासाठीच असतात. त्यांच्या शाईत लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात. यंत्र आधी त्यांना चुंबकत्व देते. मग ते वाचकशीर्षाखालून सरकले की विद्युतदाबाची लहर निर्माण होते आणि प्रत्येक आकड्याची लहर निराळी असते. वर शिक्का उमटला किंवा सही आली तरी यंत्र चुकत नाही, कारण ते रंग पाहत नाही, चुंबकत्व पाहते. ही युक्ती १९५० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत विकसित झाली.

मात्र या पद्धतीत निवड जलद झाली तरी कागदाचा प्रवास चालूच राहिला. तो थांबवणारी पद्धत ‘चेक ट्रंकेशन’ या नावाने ओळखली जाते. ट्रंकेशन म्हणजे छाटणी. येथे छाटला जातो तो कागदाचा प्रवास. ही पद्धत २००८ मध्ये दिल्लीत आणि एप्रिल २०१३ मध्ये मुंबईत सुरू झाली. सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत देशातील सर्व शाखा तिच्यात आणाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. आता चेक भरला की कागद तेथेच राहतो आणि त्याची तीन चित्रे पुढे जातात: दर्शनी बाजूची एक करड्या छटांची व एक काळी-पांढरी, आणि मागील बाजूची एक काळी-पांढरी. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर ही चित्रे दिवसभर सलग पाठवली जातात आणि पैसे देणाऱ्या बँकेने त्याच दिवशी उत्तर द्यायचे असते.

आता थोडे गणित करू. करड्या चित्रात दर इंचाला १०० ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका पाव मिलिमीटरचा. चेक सुमारे ८ इंच लांब आणि ३.६ इंच रुंद असतो. तेव्हा संपूर्ण चेक जवळजवळ २ लाख ९० हजार ठिपक्यांत मावतो. सही ओळखायला एवढे पुरते. पण खरवडलेला कागद बोटाला लागतो तसा ठिपक्यांना लागत नाही. पाणचिन्ह आणि अतिनील प्रकाशात चमकणारी शाईही त्यात उतरत नाही. चित्राने वटणाऱ्या चेकवर तारखेखेरीज कोणतीही दुरुस्ती चालत नाही, ती याचमुळे.

खरा बदल येथे आहे. आपल्या उदाहरणात नमुना सही मुंबईला आहे आणि कागद पातूरला. पूर्वी एकच माणूस दोन्ही समोर ठेवून निर्णय घेई. आता कागद तपासणे हे पातूरच्या बँकेचे काम आणि सही तपासणे मुंबईच्या बँकेचे. दोघांनीही ‘दुसऱ्याने पाहिले असेल’ असे मानले, तर भुर्दंड खातेदाराला पडू शकतो.

कायद्याने ही फट ओळखली होती. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा. त्यात २००२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती ६ फेब्रुवारी २००३ पासून लागू झाली. संशय आल्यास पैसे देणारी बँक मूळ कागद मागवू शकते. चित्र आणि कागद यांतील मजकुरात फरक आढळला तर तो महत्त्वाचा फेरफार ठरतो. चित्र हुबेहूब उतरवण्याची जबाबदारी ते पाठवणाऱ्यांवर आहे. मूळ कागद चेक भरून घेणाऱ्या बँकेने १० वर्षे जपायचा असतो.

या १० वर्षांत खातेदाराला दोन गोष्टी मागता येतात. एक, आपल्या बँकेकडून चेकचे प्रमाणित चित्र. दोन, आपल्याच बँकेमार्फत मूळ चेक. दुसऱ्यासाठी शुल्क पडू शकते. सही आपली नाही असे म्हणणाऱ्या माणसाने मूळ कागदच मागावा, कारण लेखणीचा दाब आणि शाईचा थर कागदावरच सापडतो. १ जानेवारी २०२१ पासून आणखी एक सोय आहे. ५० हजार रुपयांच्या व त्यावरील चेकची तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव आपल्या बँकेला आधी कळवता येते. ते ताडूनच चेक वटतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शाळेचा रद्द केलेला चेक घ्या आणि खाते क्रमांक झाका. तळाच्या नऊ आकड्यांपैकी पहिले तीन गावाच्या पिन क्रमांकाशी जुळतात का ते पाहा. पातूरचा पिन ४४४५०१ आहे. मग चेक उजेडात धरून पाणचिन्ह शोधा. शेवटी त्याची करडी छायाप्रत काढून शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा, प्रतीत काय आले आणि काय राहून गेले? जे राहून गेले त्याची यादी फळ्यावर लिहा. मूळ कागद जपून ठेवायचा तो त्या यादीसाठीच.